१४ हजार मॅजिक कार्डं एकगठ्ठा मिळून राहिलीत, घेऊ की नको? (नागपूर)

परतलेला_ड्रूइड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ असेल तरच वाचा. मी २०११ ते २०१५ पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळायचो. इनिस्ट्राड हा कार्डांचा सेट आला तेव्हा सुरुवात केली आणि खान्स ऑफ तारकीर हा सेट येईपर्यंत हॉस्टेलच्या खोलीत रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डाव चालायचे. शेवटच्या सेमिस्टरला पैशाची अडचण आली म्हणून सगळी कार्डं एका सीनियरला विकून टाकली, त्यानंतर दहा वर्षं कार्डाला हात लावला नाही.

आता तोच सीनियर मनीष नगरला राहतो आणि महिनाअखेरीला बायको-पोरांना घेऊन कॅनडाला चालला आहे. परवा त्याचा फोन आला की सगळं कलेक्शन काढून राहिलो, तुला पाहिजे तर आधी तुला विचारतो. अंदाजे १४ हजार कार्डं, चार लांबडे खोके आणि तीन जाड फोल्डर. १ लाख २० हजार म्हणतो. फोल्डरचे फोटो पाठवले, त्यात लिलियाना ऑफ द व्हेल दिसली, स्नॅपकास्टर मेज दिसले, थॉटसीझ दिसले. आणि एका पानावर माझीच कार्डं दिसली हो, मी विकलेली. एका डेथराइट शामनच्या कोपऱ्याला चहाचा डाग आहे, तो डाग माझ्या हातून पडला होता. तेव्हापासून झोप नाही.

पैसे आहेत, पण ते नवीन स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले. बायको म्हणते तुला खरंच खेळायचं असेल तर घे, नुसतं कपाटात ठेवायला नको घेऊ. मला हे घेणं फायद्याचं आहे का तेवढं सांगा, आणि दहा वर्षांत काय काय बदललं तेही.

बर्डीवाला_जेस

भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, १४ हजार हा आकडा. त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. चार खोक्यांत जे आहे त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॉमन आणि अनकॉमन, म्हणजे सहज मिळणारी कार्डं असणार, त्याला बल्क म्हणतात आणि बल्क अमेरिकेतसुद्धा हजार कार्डांना तीन-चार डॉलरनं जातो. म्हणजे डॉलर ८५ रुपये धरला तर तुमच्या चारही खोक्यांचे मिळून पाच हजारांच्या आसपास. वजन मात्र भरपूर, एक कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या वर असतं, १४ हजारांचे २५ किलो होतात. एवढं विमानात नेणं सोपं नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत असू द्या.

खरी किंमत त्या तीन फोल्डरमध्ये आहे. तिथं बसा आणि एकेक कार्ड ॲपनं स्कॅन करा. दोनशे रुपयांच्या वरची कार्डं तेवढी मोजा, बाकीची शून्य धरा. ती बेरीज येईल त्याच्या साठ टक्के ही वाजवी किंमत, कारण एकगठ्ठा घेणारा माणूस सगळी मेहनत आणि सगळी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. मैत्री आहे म्हणून पासष्ट करा, पण शंभर टक्के देऊ नका.

अजून एक, फोल्डरमधून आधी कोणी वेचून नेलं नाही ना हे बघा. हे ओळखायला सोपं आहे. खान्सचे रेअर, म्हणजे दुर्मिळ कार्डं भरपूर असतील पण फ्लडेड स्ट्रँड, पोल्यूटेड डेल्टा वगैरे फेचलँड (डेकमधून दुसरं लँड शोधून आणणारी लँड कार्डं) एखाददुसरंच असेल, किंवा रिटर्न टू राव्निका सेटची पानंच्या पानं असतील आणि त्यातलं शॉकलँड (मागणी असलेली दोन रंगांची लँड कार्डं) एकही नसेल, तर मलई आधीच काढलेली आहे समजा.

हिंगण्याचा_गॉब्लिन

नकली कार्डं तपासा आधी! दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे हॉस्टेलात चायनाची बरीच फिरत होती, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. इतवारीत सराफा बाजाराकडे भिंग मिळतं, ३० पटीचं किंवा ६० पटीचं घ्या, फार महाग नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे गोळे असतात, त्यातल्या हिरव्या गोळ्यात जो फिकट ठिपका आहे त्यात चार लाल बिंदू एल आकारात दिसले पाहिजेत. समोरच्या बाजूची काळी अक्षरं सलग काळी असतात, नकलीत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. एकाच टेस्टवर भरवसा ठेवू नका, दोन्ही करा.

खान्सची फेचलँड असतील तर अजून सोपं. मॅजिक २०१५ या सेटपासून रेअर कार्डांवर खाली मधोमध छोटा चमकणारा अंडाकृती होलोग्राम यायला लागला, खान्स त्याच्या नंतरचा. खान्सच्या रेअरवर तो नसेल तर ते कार्ड खोटं.

धरमपेठची_निस्सा

दादा, मी पैशाचं नाही सांगत, खेळाचं सांगते, कारण बायकोनं विचारलेला प्रश्न मला सगळ्यात बरोबर वाटला. तुम्ही कोणाबरोबर खेळणार?

दहा वर्षांत फार बदललंय. स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त नवे सेट चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये (खेळाच्या प्रकारात), तुमच्या वेळचं बहुतेक काही चालणार नाही, ते जुने सेट कधीचे बाहेर गेले. जुनी कार्डंही चालणारा मॉडर्न फॉरमॅट अजून आहे पण मॉडर्न होरायझन्सचे सेट आल्यापासून त्याचा वेग पार वेगळा झालाय, तुमचा २०१४ चा डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) तिथं उभा राहणार नाही, आणि डेथराइट शामन तर मॉडर्नमध्ये २०१४ च्या सुरुवातीलाच बॅन झाला हे तुम्हाला आठवत असेल. २०१९ मध्ये पायोनियर नावाचा फॉरमॅट आला, त्यात रिटर्न टू राव्निकापासून पुढची कार्डं चालतात म्हणजे तुमचं अर्धं कलेक्शन तिथं बसतं, पण इनिस्ट्राड नाही बसत आणि फेचलँड बॅन आहेत. नागपुरात पायोनियर खेळणारे मला तरी माहीत नाहीत.

इथं खरं चालतं ते कमांडर. शंभर कार्डांचा डेक, बेसिक लँड (साधी लँड कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच, चार जण एकत्र बसतात. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी दुपारी धरमपेठेत एका कॅफेत बसतो, मालक चहा-पोह्यांवर तीन तास बसू देतात. आणि कमांडरसाठी जुन्या खोक्यांचा खरंच उपयोग होतो, जेसभाऊ ज्याला शून्य म्हणतात त्यात आम्हाला पाहिजे ती कार्डं निघतात. मी माझा पहिला डेक अशाच कोणाच्या तरी बल्कमधून बनवला होता, तीन संध्याकाळी जमिनीवर बसून, आणि तो अजून माझा सगळ्यात आवडता आहे.

एकही रुपया देण्याआधी एका रविवारी या. डेक आम्ही देतो. तीन तास खेळून घरी जाताना अजून खेळावंसं वाटलं तर घ्या.

मुळशीकर_२०

मी पुण्याचा पण लिहितो, कारण मी हेच केलंय. तीन वर्षांपूर्वी नऊ हजार कार्डं घेतली, डोक्यात होतं की हळूहळू विकून पैसे काढीन आणि चांगली स्वतःला ठेवीन. विकणं हे दुसरी नोकरी करण्यासारखं आहे राव. फोटो काढा, कंडिशन सांगा, कुरिअर करा, मग समोरचा म्हणतो कडा पांढऱ्या आहेत, पैसे परत द्या. अजून सहा हजार पडलीत पलंगाखाली.

आणि गुंतवणूक म्हणून तर अजिबात नको. कार्डं छापणाऱ्या कंपनीची रिझर्व्ह्ड लिस्ट, म्हणजे परत न छापायच्या कार्डांची यादी, १९९६ ची, त्यात फक्त नव्वदच्या दशकातली जुनी कार्डं आहेत. २०११ नंतरचं कुठलंही कार्ड कंपनी पाहिजे तेव्हा परत छापू शकते आणि छापतेच. लिलियाना २०२२ मध्ये डॉमिनेरिया युनायटेडमध्ये आली, खान्सची पाचही फेचलँड २०२४ ला मॉडर्न होरायझन्स ३ मध्ये आली. तुमच्या सीनियरच्या डोक्यात जुने भाव असतील, त्याच्याशी वाद घालू नका, सरळ आजचे भाव उघडून दाखवा.

परतलेला_ड्रूइड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय काय झालं ते सांगतो. आधी रविवारी निस्साताईंच्या ग्रुपमध्ये गेलो. पहिल्या डावात काही कळत नव्हतं, दुसऱ्यात कळायला लागलं, तिसऱ्यात मी हरलो पण हरताना सुद्धा हात थरथरत होते इतका रमलो होतो. बायकोला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली तुझ्या तोंडाकडे पाहूनच समजलं.

मग भिंग घेतलं आणि दोन संध्याकाळ सीनियरकडे बसलो. चार कार्डं नकली निघाली, त्याला खरंच माहीत नव्हतं, त्यानं स्वतःच बाजूला काढली. दोनशेच्या वरची ४१२ कार्डं भरली, आजच्या भावानं बेरीज १ लाख ५ हजार. मी साठ टक्क्यांनी ६३ आणि खोक्यांचे पाच धरून ६८ म्हटलं. तो आधी गप्प बसला, मग आम्ही दोघांनी मिळून भाव पाहिले, फेचलँडचे पाहून त्यालाही वाईट वाटलं. शेवटी ७० ला ठरलं. त्याच्या मोठ्या पोराला एक डेक पाहिजे होता, तो मी त्याच खोक्यातून बनवून दिला. चहाच्या डागाचं डेथराइट त्यानं मोजण्याच्या आधीच माझ्या हातात दिलं, म्हणाला हे तुझंच आहे.

स्कूटर आता दिवाळीनंतर. आता एकच विचारतो, खोके ठेवू कुठं? आमच्याकडे एकाच खोलीत जागा आहे आणि तिथं उन्हाळाभर कूलर चालतो.

हिंगण्याचा_गॉब्लिन

कूलरच्या खोलीत नको!! निदान फॉइल, म्हणजे चमकदार थराची कार्डं तरी नको. कूलरची हवा ओली असते, कागद ओल शोषून फुगतो, वरचा चमकदार थर फुगत नाही, मग कार्ड वाकतं. मे महिन्यात माझी चाळीस फॉइल अशीच वाकली, बाहेर ४५ डिग्री आणि खोलीत ओल. झाकण घट्ट लागणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. खोके जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. रबरबँड तर अजिबात लावू नका.

धरमपेठची_निस्सा

दादा या रविवारी डेथराइट घेऊन या, कमांडरमध्ये चालतो तो. आणि खोक्यातली हिरवी कॉमन कार्डं पिशवीभर आणा, मला बघायचीत.