सदा खरे बोलावे (जमेल तसे)

कोथिंबीर: काल लेकीच्या पुस्तकांना कव्हरं घालताना प्रतिज्ञेचं पान उघडलं. ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.’ दहाच मिनिटांपूर्वी गॅसवाल्या दादांवर खेकसले होते. मग आठवली आजोळची एसटी. अर्धं तिकीट बारापर्यंत, मला तेरावं सरलेलं. आई म्हणे, गुडघे दुमडून बस. कंडक्टरमामांनी विचारलं, “कितवीत गं?” मी ऐटीत, “आठवी!” दंडाला काढलेला चिमटा अजून आठवतो. तुम्ही काय काय मोडता? लिहा.

उंडगा: “निघालोच, पाच मिनिटांत पोचतो.” अंगावर टॉवेल.

निळाई: आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दारूला शेवटपर्यंत शिवले नाहीत. पण शुगर निघाल्यावर ‘खोटे बोलणार नाही’चे वांधे झाले. विहारात ‘मुसावादा वेरमणी’ (म्हणजे खोटं बोलणार नाही) म्हणून यायचे, आजी सदरा धुवायला घ्यायची आणि खिशात गुळाचा खडा, वर मुंग्या. “कोणी ठेवला काय माहीत!”

कोथिंबीर: 😂😂 गोड आजोबा

वसईचा वाल: आमच्याकडे दहा आज्ञा. लहानपणी पापनिवेदनाला माझी तीन पापं ठरलेली: खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, भावाला मारलं. भाऊ माझ्या मागेच रांगेत, त्याचीही तीच. एकदा फादर म्हणाले, “नवीन काही?” आठवेना, मग एक रचून सांगितलं. म्हणजे तिथंही खोटंच!

उंडगा: कुठलं रचलंस ते सांग आधी

वसईचा वाल: केळी चोरली म्हणालो. बाग आमचीच होती.

जास्वंदी: चोरीवरून आठवलं. आमच्या कुंपणातली जास्वंदीची फुलं सकाळी सहाला गायब. काल एक आजी रंगेहाथ सापडल्या, हातात पिशवी आणि फांदी वाकवायला छत्रीची मूठ. म्हणतात, “देवासाठी नेलेलं पाप नसतं गं.” वर “कळ्या ठेवल्यात हो तुझ्यासाठी”!! काय बोलणार. चहा दिला.

निळाई: गावठी लाल का? फांदी मिळेल?

जास्वंदी: हो, ये घेऊन जा. विचारून नेणारी तू पहिलीच. पण सध्या पांढरा मावा पडलाय.

कोथिंबीर: कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवार. कुकर झाला, येते.