मदत हवी आहे : नाना फडणवीसांच्या दफ्तरात आमच्या गावचा पाट कसा शोधू?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वाई तालुक्यात, मेणवलीच्या शेजारी. दिवाळीआधी माळा झाडताना सासऱ्यांना पत्र्याच्या डब्यात, लाल फडक्यात बांधलेले सात मोडी कागद सापडले. दोन कागदांची वाळवीनं चाळण केली आहे, बाकी धड आहेत. मी मोडीचा तीन महिन्यांचा वर्ग केलाय, म्हणजे छापील मोडी वाचते आणि कारकुनी मोडीपुढे घाम फुटतो. आधी ओळभर रेघ मारून ठेवायची आणि खाली हात न उचलता अक्षरं लोंबकळत सोडायची, शब्द कुठे संपला ते देव जाणे!

तरी एका कागदावर 'पाट', 'पाळी' आणि 'मौजे मेणवली' स्वच्छ लागलं. पाटाच्या पाण्यावरून दोन गावांची तक्रार दिसते. शेवटी 'सबा सबैन मया व अलफ' आणि 'छ १४ सवाल'. हे मी 'सहा, चौदा सवाल' असं वाचलं आणि दोन दिवस ते चौदा प्रश्न शोधत बसले. घरात अजून चिडवतात.

मेणवली हे नाना फडणवीसांचं इनामगाव. त्यांचं मेणवली दफ्तर, म्हणजे तिथले जुने कागद, इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या संग्रहात गेलं आणि तो संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याला डेक्कन कॉलेजात आला, एवढं वाचलंय. डेक्कन कॉलेज आता अभिमत विद्यापीठ आहे. मी संशोधक नाही, शाळेत गणित शिकवते. तिथे जाऊन नेमकं काय मागायचं? एका ग्रंथालयात मागे "विषय काय?" या प्रश्नाला "आमचं गाव" असं उत्तर दिलं, तर समोरच्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला. पुन्हा तसं नको.

प्रतिसाद

ताई, आधी तारीख सोडवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. 'छ' म्हणजे सहा नव्हे, तो 'चंद्र' आहे. मुसलमानी महिन्याची तिथी सांगायची ही पद्धत. सवाल म्हणजे शव्वाल. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार : शुहूर सन ११७७. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७७६ च्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या आठवड्यातला. तेव्हा 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणणाऱ्या तोतयाच्या बंडानं पुणं हवालदिल होतं आणि तुमच्याकडे पाटाच्या पाळीवरून जुंपली होती, हे मला फार आवडलं.

आता कुठे शोधायचं. डेक्कन कॉलेजच्या मराठा इतिहास संग्रहालयात जा, पण 'आमच्या गावचा इतिहास' मागू नका. 'मेणवली गावचे हिशेब आणि पत्रव्यवहार, शुहूर ११७६ ते ११७८' असं लिहून द्या. लोक पूर्वजाचं नाव आणि पराक्रम शोधायला येतात, हिशेबाचे कागद बघून कंटाळतात. गाव मात्र हिशेबातच असतं. पाट दुरुस्तीला किती लागले, कोणाला शिधा दिला, ते तिथेच.

तिथे नाही मिळालं तर कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तक्रार हुजुरात, म्हणजे पेशव्यांकडे, गेली असेल आणि निकाल झाला असेल, तर रोजकीर्दीत नोंद मिळण्याची आशा आहे. रोजकीर्द दिवसवार असते, म्हणून तारीख हाताशी असली की हजारो रुमालांत (कागदांच्या गठ्ठ्यांत) बुडत नाही. विषयवार बघायचं तर घडणी नावाचे कागद मागा. दोन्हीकडे आधी अर्ज करा, सोबत पेन्सिल न्या. आणि घरच्या कागदांना लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको. फडकं बदला, डबा कोरडा ठेवा.

मूळ लेखिका

दादा, खूप आभार! गणित शिकवणाऱ्या बाईला ५९९ ची बेरीज जमली नाही, हे वर्गात सांगणार नाही. 'हिशेब मागा' हे डोक्यातच आलं नव्हतं. डब्यातले दोन कागद नुसते आकडे म्हणून मी बाजूला टाकले होते, ते आत्ता पुन्हा काढले. एकावर वरच्या कोपऱ्यात 'पाट' आहे, खाली माणसांची नावं आणि प्रत्येकापुढे दोन-दोन उभ्या रेघा. त्या रेघांचा अर्थ काय, आणे की पायली? उद्या उजेडात फोटो काढून इथेच टाकते, कोणी सांगेल का?