लेफ्टनंट गव्हर्नर नक्की करतो काय? (न्यू जर्सी आणि इतर)

एडिसनचा_पाव्हणा:
मंडळी, एक बावळट शंका आहे, हसू नका. सिटिझनशिप मिळाल्यावर परवाच्या २०२५ च्या इलेक्शनला पहिल्यांदा मत टाकलं. बॅलट पोस्टाने घरी आला, चहा घेता घेता उघडला तर गव्हर्नरच्या नावाला चिकटून अजून एक नाव, लेफ्टनंट गव्हर्नर, आणि दोघांना मिळून काळा करायला गोल एकच. म्हणजे एकावर एक फ्री. आई पुण्याहून आलेली आहे, ती डोकावून म्हणाली अरे हा नायब राज्यपाल, दिल्लीत असतो ना मुख्यमंत्र्याशी सारखा भांडणारा, तोच. तोच का? आणि याला दिवसभर काम काय असतं? ऑफिसातल्या गोऱ्यांना विचारलं तर ते पण खांदे उडवतात.

खवचट_काका:
नाव सारखं म्हणून आईंची गल्लत झाली. दिल्लीचा नायब राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, त्याला कोणी मत देत नाही. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हेच मुळी, तो निवडून येतो आणि कारभार हाकतो, म्हणजे आपला मुख्यमंत्री. त्या हिशोबाने लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे उपमुख्यमंत्री. फक्त आपल्याकडे उपमुख्यमंत्री ही पोस्ट घटनेत कुठेच नाही, महाराष्ट्रात १९७८ ला वसंतदादांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे पहिले झाले तेव्हापासून ज्याला खूश ठेवायचं त्याला द्यायची अशी रीत पडली आहे. मुख्यमंत्री गेला तर उपमुख्यमंत्री आपोआप वर चढत नाही. अमेरिकेत चढतो, आणि पोस्टचं मुख्य काम तेवढंच.

जर्सी_१९९६:
काकांना +१, पण जर्सीची गोष्ट वेगळी आहे. आम्ही आलो तेव्हा इथे ही पोस्टच नव्हती. गव्हर्नर गेला की राज्याच्या सिनेटचा (वरच्या सभागृहाचा) प्रेसिडेंट हंगामी गव्हर्नर, आणि गंमत म्हणजे तो सिनेटची खुर्चीपण सोडायचा नाही, कायदा करणारा तोच आणि सही करणारा पण तोच! २००१ ला गव्हर्नर क्रिस्टी व्हिटमन बुशच्या सरकारात गेल्या तेव्हा डिफ्रान्सेस्को असेच बसले. मग जानेवारी २००२ मध्ये त्यांची टर्म संपली, नवा गव्हर्नर यायला आठवडाभर बाकी, आणि सिनेटमध्ये २०-२० अशी बरोबरी, प्रेसिडेंट कोण तेच ठरेना. आधी तास दीड तास अॅटर्नी जनरल जॉन फार्मर गव्हर्नर, मग दोन पार्ट्यांचे दोन को-प्रेसिडेंट बेनेट आणि कोडी यांनी उरलेले दिवस अर्धे अर्धे वाटून घेतले, मग नवे गव्हर्नर मॅकग्रीव्ही. आठवड्याभरात पाच माणसं!! तेव्हा आमच्या कारपूलमध्ये रोज सकाळी पहिला प्रश्न हाच, आज कोण.
२००४ ला मॅकग्रीव्हीनेच राजीनामा दिला, परत कोडी, या वेळी तब्बल चौदा महिने. मग लोक वैतागले आणि २००५ च्या मतदानात ही पोस्ट आणणारी घटनादुरुस्ती पास झाली. पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नर किम ग्वाडान्यो, जानेवारी २०१० पासून. नुसतं बसून राहू नये म्हणून गव्हर्नरने एखादं खातं सोबत द्यायचं अशी सोय आहे. ग्वाडान्यो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या (केंद्रातल्या परराष्ट्रमंत्री नव्हे), नंतरच्या शीला ऑलिव्हर यांच्याकडे कम्युनिटी अफेअर्स होतं.
आणि एवढं करूनही २०२३ ला काय व्हावं, गव्हर्नर मर्फी इटलीला सुट्टीवर, चार्ज ऑलिव्हर यांच्याकडे, त्या अचानक आजारी पडल्या आणि १ ऑगस्टला गेल्याच. चार्ज कोणाकडे? सिनेट प्रेसिडेंटकडे. फिरून गाडी तिथेच.

अटलांटाची_वहिनी:
आमच्या जॉर्जियाचं ऐका, पाव्हणे. १९४५ च्या नव्या घटनेत ही पोस्ट आली आणि १९४६ ला पहिल्यांदा निवडून आले एम. ई. थॉम्पसन. गव्हर्नर म्हणून यूजीन टाल्माज जिंकला, पण शपथ घ्यायच्या आधीच डिसेंबरात वारला. आता खुर्ची कोणाची? थॉम्पसन म्हणे माझी, विधिमंडळाने मेलेल्याचा मुलगा हर्मन टाल्माज याला निवडलं, आणि जुना गव्हर्नर एलिस अर्नाल म्हणे निकाल लागेपर्यंत मी हलत नाही. हर्मनने ऑफिसची कुलुपंच बदलली, तर अर्नालने खाली कॅपिटलच्या (विधानभवनाच्या) आतल्या चौकातल्या चौकशीच्या काउंटरवर बस्तान मांडलं. राज्याचा शिक्का ज्यांच्याकडे होता ते बेन फोर्टसन व्हीलचेअरवर असायचे, त्यांनी शिक्का उशीखाली ठेवला आणि वर बसून राहिले, कोणालाच दिला नाही. मार्च १९४७ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने थॉम्पसनच्या बाजूने निकाल दिला. हर्मनची (बॅलटवर हाताने नाव लिहून पडलेली) काही मतं मागाहून "सापडली" होती आणि त्यात मेलेल्या लोकांची मतं होती हे पण पेपरवाल्यांनी बाहेर काढलं. पहाटेचा शपथविधी बघितलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही म्हणा.

ह्यूस्टनवाला:
सगळे खुर्ची रिकामी होण्याचंच बोलताय. टेक्ससमध्ये उलट आहे, इथे गव्हर्नरपेक्षा लेफ्टनंट गव्हर्नर भारी असं लोक सर्रास म्हणतात. इथे दोघं वेगवेगळे निवडून येतात, जोडी नाही. ३१ जणांचं सिनेट तो चालवतो, कमिट्या तो नेमतो, कुठलं बिल कुठल्या कमिटीकडे जाणार आणि कुठलं पडून राहणार ते त्याच्या हातात. आणि अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं, म्हणजे त्याने नुसता वेळ काढला तरी बिल मेलं. बिल हॉबी या खुर्चीवर १८ वर्षं होते, डॅन पॅट्रिक २०१५ पासून आहेत. पगार किती? वर्षाला ७,२०० डॉलर! आमच्या पोराच्या डेकेअरला त्याहून जास्त जातात. २००० च्या डिसेंबरात इथले गव्हर्नर बुश प्रेसिडेंट व्हायला निघाले तेव्हा रिक पेरी याच खुर्चीवरून गव्हर्नर झाले, पुढे चौदा वर्षं.

मडगावचो_बाब:
अवांतर, पण आईंना सांगा की नायब राज्यपाल फक्त दिल्लीचा नाही. गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, दमण दीवसकट, तेव्हा आमच्याकडे पण नायब राज्यपालच. ३० मे १९८७ ला राज्य झालं आणि गोपाल सिंग काल नायब राज्यपाल होते ते आज राज्यपाल. माणूस तोच, पाटी बदलली.

एडिसनचा_पाव्हणा:
बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. शिक्क्यावर बसलेल्या माणसाचा किस्सा आईला वाचून दाखवला, ती अजून हसतेय. शेवटची शंका, गव्हर्नर राज्याबाहेर गेला म्हणून चार्ज मिळालाय आणि याने मधल्यामध्ये भलतीच सही ठोकली तर?

खवचट_काका:
ठोकलेली आहे. आयडाहो, मे २०२१. गव्हर्नर ब्रॅड लिटल राज्याबाहेर, लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅगीहन यांनी मास्कसक्तीवर बंदी घालणारा हुकूम काढला. दोघं एकाच पार्टीचे, बरं का. लिटल परत आले आणि लगेच हुकूम रद्द केला. ऑक्टोबरात ते परत बाहेर गेले, बाईंनी परत हुकूम काढला, या वेळी लशीवरून. तोही रद्द. २०२२ ला बाई गव्हर्नरपदासाठी लिटल यांच्याच विरुद्ध उभ्या राहिल्या आणि पडल्या.

जर्सी_१९९६:
काका 😂 आमच्या ऑफिसात मॅनेजर रजेवर गेला की असंच होतं, फक्त तिथे एसीचं टेंपरेचर बदलतात.