मदत हवी आहे : आययूसी शून्य झाल्याचा फायदा नेमका कोणत्या ग्राहकाला झाला?

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या ग्राहक संघटनेसाठी मी मोबाईल दरांवर एक टिपण तयार करत आहे आणि त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला की पहिली कंपनी दुसरीला दर मिनिटामागे जे पैसे देत असे, ते आययूसी शुल्क ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने टप्प्याटप्प्याने खाली आणले. २००४ मध्ये ते ३० पैसे होते, २००९ मध्ये २० झाले, मार्च २०१५ पासून १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. शून्याचा मुहूर्त खरे तर एक वर्ष आधीचा होता, पण तो पुढे ढकलला गेला.

फोन करणाऱ्याचा फायदा झाला, याबद्दल मला शंका नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने इतर नेटवर्कवरील कॉलसाठी ग्राहकांकडून मिनिटाला ६ पैसे घेण्यास सुरुवात केली आणि शुल्क शून्य होताच ते कॉल पुन्हा मोफत केले. तेथे कार्यकारणभाव उघड दिसतो. शुल्क फक्त बोलणे झालेल्या मिनिटांवर लागत असल्याने त्याच सुमारास घंटी किती सेकंद वाजू द्यावी यावरही कंपन्यांमध्ये जुंपली होती. घंटी लवकर थांबली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलट फोन करतो आणि पैसे देणारी कंपनी बदलते! शेवटी ट्रायला मोबाईलसाठी ३० सेकंद ठरवून द्यावे लागले.

माझी अडचण आहे ती फोन न करणाऱ्या, केवळ घेणाऱ्या ग्राहकाविषयी. माझ्या मावशीकडे साधा, बटणांचा फोन आहे. हिरवे बटण दाबून बोलायचे आणि लाल दाबून फोन बंद करायचा, एवढाच तिचा वापर. तिला इतर कंपन्यांच्या क्रमांकांवरून रोज सरासरी दहा मिनिटांचे फोन येतात असे धरले, तर महिन्याची ३०० मिनिटे होतात. १४ पैशांच्या दराने तिच्या कंपनीला तिने एक रुपया न खर्चताही ४२ रुपये मिळाले असते, ६ पैशांच्या दराने १८ आणि आता काहीच नाही. म्हणजे पूर्वी असा ग्राहक सांभाळणे कंपनीला परवडत होते, ते आता परवडत नाही. २०१८ च्या अखेरीस, म्हणजे दर १४ वरून ६ पैशांवर आल्यानंतर साधारण वर्षभराने, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी इनकमिंग चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांना ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

तरीही ही मांडणी अपुरी असावी, असे मनात येते. त्याच काळात अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या, आणि उरलेल्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकदमच दर वाढवले. तेव्हा तर ६ पैसे अजून लागू होते. स्पर्धा घटल्याचा परिणाम आणि आययूसी घटल्याचा परिणाम एकमेकांपासून वेगळे कसे काढावेत, हे मला उमगलेले नाही.

म्हणून विचारतो. इनकमिंगपुरत्या ग्राहकाबाबतचा माझा हिशोब तर्काला धरून आहे का, की कंपनीचा फोन पोहोचवण्याचा खर्च वजा न केल्याने तो फसवा ठरतो? २०१७ च्या निर्णयासोबत ट्रायने दिलेले स्पष्टीकरण कोणी बारकाईने वाचले असल्यास, त्यात या गटाचा स्वतंत्र विचार आहे का? आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक झाले, त्यानंतर आपल्या भागात इनकमिंग चालू ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता उरला आहे, तेही कंपनी आणि मुदतीसह कळवावे.