अमृता शेरगिल : आयुष्य आणि संसार – काय वाचावं, काय बघावं?

रंगवेडी
आमच्या वाचनगटाचा पुढचा विषय आहे 'चित्रकार आणि त्यांचे संसार', आणि मी उत्साहाच्या भरात अमृता शेरगिल घेऊन बसलेय. शोधायला गेलं की सगळीकडे तेच ते: प्रेमप्रकरणं, नेहरू, २८व्या वर्षी गूढ मृत्यू. नवरा व्हिक्टर इगान एका ओळीत येतो आणि गायब होतो. चित्रकलेतलं मला बेताचंच कळतं. सोपं इंग्रजी चालेल. सुरुवात कुठून करू?

जुनी वही
पत्रांपासून, डोळे झाकून. तिचा भाचा, चित्रकार विवान सुंदरम यांनी तिची पत्रं आणि लेखन दोन खंडांत संपादित केलंय. जाडजूड आहेत, पण सलग वाचायची गरज नाही. १९३४ अखेरीस पॅरिसहून परत येते तिथून धरा आणि १९३८ च्या लग्नापर्यंत या. बाई फटकळ, हुशार, स्वतःच्या कामाबद्दल कमालीची ठाम. मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांना लिहिलेली पत्रं तर चुकवूच नका, अजिंठा पाहून ती किती हलली ते त्यांत कळतं. एक हळहळ मात्र राहतेच. ती लग्नासाठी हंगेरीत असताना इकडे आईवडिलांनी तिच्याकडची बरीच पत्रं जाळून टाकली, त्यांत नेहरूंचीही होती.

तिरपी रेघ
जुनी वही यांना अनुमोदन, पण पत्रांच्या आधी यशोधरा डालमिया यांचं चरित्र वाचा, नाहीतर कोण कुणाचं कोण यातच अडकाल. व्हिक्टर हा तिचा सख्खा मावसभाऊ, पेशाने डॉक्टर, लहानपणापासूनचा ओळखीचा. आईला हे लग्न अजिबात पसंत नव्हतं. अमृताच्या मृत्यूनंतर तिने दोष दिला तोही जावयालाच. मृत्यूच्या कारणावर आजही एकमत नाही, तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर सोडून द्या. त्याच सुमारास ब्रिटनने हंगेरीशी युद्ध पुकारलं आणि व्हिक्टर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून कैदेत गेला. गटात सांगायला हा भाग घ्याच, सहसा कुणी सांगत नाही.

कुंचला
सगळे वाचायलाच सांगताय! चित्रं बघा हो आधी. संसार बघायचा तर सराया बघा. गोरखपूरजवळ तिच्या काकांच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत हे दोघं राहिले, व्हिक्टर तिथे डॉक्टरकी करायचा. पत्रांत ती कंटाळ्याची तक्रार करते, आणि चित्रं मात्र याच काळात बदलतात. १९४० मधलं खाटेवर पहुडलेल्या बाईचं चित्र काढा: लाल कपड्यांतली तरुण बाई, खाटेचे खूरही लाल, शेजारी पंखा घेऊन बसलेली दुसरी बाई. काहीही घडत नाही आणि तरी चित्र तापलेलं आहे. हळद कुटणाऱ्या बायकाही त्याच वर्षीच्या. दक्षिणेच्या प्रवासानंतरची 'ब्रह्मचारी' वगैरे मोठी चित्रं जास्त गाजली, पण मला विचाराल तर सराया त्यांच्या वरचढ. लग्नाने तिची कला संपली म्हणणाऱ्यांनी ही दोन चित्रं शेजारी ठेवून बोलावं.

रंगवेडी
वा, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. सराया हाच धागा पकडते. चित्रं प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतील? मुंबईत?

कुंचला
मुंबईत नाही, दिल्लीला. जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिचा सर्वांत मोठा संग्रह आहे. सगळी चित्रं एकाच वेळी लावलेली नसतात, त्यामुळे जाण्याआधी फोन करा.

तिरपी रेघ
आणि सोमवारी बंद असतं.