मदत हवी आहे: १२ इंची सबवूफर, ५० हर्ट्झला दणका पण ४० च्या खाली बेस गायब

मंडळी, गाडीच्या डिकीत १२ इंची सब (खोल बेसचा स्पीकर, सबवूफर) आहे, पोर्टेड बॉक्समध्ये, म्हणजे हवा आत-बाहेर जायला तोंड (पोर्ट) असलेल्या. किक ड्रम आला की आरसे थरथरतात, त्याबद्दल तक्रार नाहीच, पण गाण्यात जिथे खोल लांब नोट येते ना, ती नुसती गुरगुरत राहणारी, तिथे सब असून नसल्यासारखा. ऐकणारे म्हणतात बेस भारी आहे, मला मात्र एकाच सुरात ढब ढब ऐकू येतं.

सेटअप सांगतो. सब ड्युअल ४ ओम कॉइलचा (दोन कॉइल, प्रत्येकी ४ ओम), दोन्ही कॉइल पॅरललमध्ये म्हणजे ॲम्पला २ ओम, मीटरवर १.८ दाखवतो. मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) ॲम्प, लो पास (आकड्याच्या वरचा आवाज कापणारा फिल्टर) ८० ला, सबसॉनिक (आकड्याच्या खालचा कापणारा) २५ ला, बेस बूस्ट शून्य. बॉक्स रेडीमेड, १८ मिमी एमडीएफचा, बाहेरून ६५ रुंद, ३८ उंच, ३६ सेमी खोल. एका बाजूला उभा स्लॉट पोर्ट, ५ सेमी रुंद, आतल्या पूर्ण उंचीचा, लांबी २७ सेमी. सबसोबत आलेल्या कागदावर पोर्टेडसाठी नेट (आतली निव्वळ जागा) ५० ते ६० लिटर आणि ट्यूनिंग (ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात घुमते) ३४ हर्ट्झ असं लिहिलंय.

आता "गेन (ॲम्पची इनपुट पातळी) वाढव" हे कृपया कुणी सांगू नका, ते ऐकून कान किटले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हे सगळं बघून झालंय: दीड व्होल्टचा सेल प्रत्येक कॉइलला वेगवेगळा लावून पाहिला, दोन्ही वेळी कोन (सबचा हलणारा पडदा) बाहेरच येतो, म्हणजे एक कॉइल उलटी जोडलीय असा प्रकार नाही. फेज स्विच (सबची हालचाल उलटी करणारा) फिरवला की ६० ते ८० मध्ये डोअर स्पीकरबरोबरचा फरक कळतो, खाली ढिम्म फरक नाही. हेड युनिटचा ईक्यू फ्लॅट, सब आउटवर हाय पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) बंद. दणक्याच्या वेळी ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज १३ च्या खाली जात नाही. ओला हात सांध्यांवरून, टर्मिनल कपवरून फिरवला, कुठे हवा लागत नाही. मागची सीट पाडली तर सगळाच आवाज थोडा वाढतो, पण खालचा बेस तेवढाच मागे.

मग साइन टोन लावून डिकी उघडून कोनाकडे बघत बसलो आणि इथे मजा आहे. ८० पासून हळूहळू खाली येताना कोन हलतोय, ४८ च्या आसपास कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेला हात मात्र वाऱ्याने ढकलला जातो. तिथून खाली ३५, ३० ला कोन परत एवढा नाचायला लागतो की भीती वाटते, आणि आवाज? काही नाही, नुसती फडफड. कोन सगळ्यात कमी हलतो तीच बॉक्सची ट्यूनिंग, म्हणजे ही ४८ ला आहे आणि पोर्टेड बॉक्स ट्यूनिंगच्या खाली ऑक्टेव्हला (दर वेळी फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) २४ डीबीने पडतो, त्यामुळे ३० ला काही उरणारच नाही. गणितानेही तेच येतं, आतली जागा ६८ लिटर, त्यातून पोर्ट, सब आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या वजा केल्या की ५८ च्या जवळपास.

पोर्टमध्ये जाड टॉवेल गच्च कोंबूनही पाहिला. सील्ड (पूर्ण बंद) झाल्यावर दणका गेला पण खालच्या नोटा बाकीच्यांच्या मानाने सरळ ऐकू यायला लागल्या, त्यामुळे सब बिघडलाय हा संशय तरी मिटला.

प्रश्न असा की ५ सेमी रुंदी ठेवून ३५ ला आणायचं तर पोर्ट ७० सेमीच्या वर जातो आणि स्वतःच बॉक्सची जागा खातो. साडेतीन सेमी रुंद केला तर ४४ सेमी लांबीत भागतं, पण ॲम्प ४०० वॉट आरएमएस (सलग) देतो, पोर्टमधून हवेची फुसफुस होईल अशी शंका आहे. बॉक्स फेकावा, कायमचा सील करावा की पोर्टच बदलावा?

प्रतिसाद:
निदान बरोबर आहे तुमचं, बॉक्स फेकू नका. ३५ चा हट्ट सोडा, गाडीच्या बंद केबिनमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सी आपोआप थोड्या उचलल्या जातात, त्यामुळे ३७ ला ट्यून केलं तरी पुरतं. पोर्टमध्ये साधारण १ सेमी जाडीची पट्टी चिकटवून रुंदी ४ वर आणा आणि मागच्या भिंतीपाशी एल आकारात वळवून लांबी मधल्या रेषेने ४५ करा. तोंडाच्या कडा आतून-बाहेरून गोल घासा, फुसफुस बरीच कमी होते. आणि हे काम होईपर्यंत सबसॉनिक ४० ला न्या हो! २५ वर ठेवून ३० चे टोन वाजवताय, कोनाला मागून हवेचा आधारच नाही, एक दिवस सस्पेन्शन (कोनाला धरून ठेवणारे लवचिक भाग) जाईल. नंतर ३० ला आणा.

धागाकर्ता:
सबसॉनिक लगेच फिरवला, धन्यवाद. ४ सेमीचं गणित करून पाहिलं, जमतंय. मागची पट्टी ९-१० सेमीचीच लागेल, सबच्या भोकातून तिरकी करून आत जाईल, बॉक्स उघडायला नको. फक्त एक, वळलेला पोर्ट मॅग्नेटच्या मागे आला तर साधारण १० सेमी जागा उरते, मॅग्नेटच्या मागच्या हवेच्या भोकाला तेवढी पुरेल ना?

प्रतिसाद:
आरामात पुरेल. सांधे सिलिकॉनने भरलेत तर त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत सब बसवू नका, आणि बसवल्यावर तोच टोनचा प्रयोग परत करा, कोन कुठे थांबतो तो आकडा इथे टाका.