मदत हवी आहे: हरिश्चंद्रगडावर डिसेंबरमध्ये तंबू कसा रोवावा?

डिसेंबरमध्ये आम्ही सहा जण पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाऊन एक रात्र मुक्काम करणार आहोत. तीन-तीन जणांचे दोन दुहेरी कापडाचे तंबू आहेत. वाट, पाणी, जेवण ठरलंय. अडलंय ते तंबूपाशी.

माथ्यावर बऱ्याच ठिकाणी कातळावर जेमतेम बोटभर माती. सात इंची खुंटी अर्धीही शिरत नाही आणि वारा ती सहज उपटतो. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर धारेवर घासून तुटते. त्यापेक्षा दोरीचा फास आडव्या काटकीत अडकवून काटकीवर जड दगड ठेवलेला टिकतो. पण हे अभयारण्य आहे, काटक्या तोडायच्या नाहीत. मग रिकाम्या कापडी पिशव्या नेऊन वर दगडांनी भराव्यात का? प्रत्येक कोपऱ्याला किती किलो पुरतील? कोकणकड्यापासून लांब, झाडांच्या आडोशाला तंबू लावणार आहोतच.

दुसरं, तिघांच्या श्वासाची वाफ बाहेरच्या कापडाला आतून लागून पहाटे ठिबकते. वरची झडप उघडी ठेवायची, हे कळतं. वाऱ्याच्या बाजूची खालची फटही उघडी ठेवावी का?

तिसरं, गॅसच्या छोट्या शेगडीला लावायचं नुसत्या ब्युटेनचं डबडं थंडीत मंदावतं, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेन मिसळलेलं डबडं पुण्यात सुटं मिळतं का? सहा जणांचा दोनदा चहा आणि एकदा खिचडी, एवढ्याला २३० ग्रॅम पुरेल की दोन न्यावीत?